केसपेपर दवाखान्याचा, माहिती तुमची

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले. मूळ कायदा ऑगस्ट २०२३ मधला, पण नियम येईपर्यंत तो कागदावरच होता. आता दवाखान्यांत त्याची चर्चा सुरू झाली आहे आणि चर्चेबरोबर गैरसमजही. 'यापुढे डॉक्टर घरच्या माणसांनाही काही सांगणार नाहीत', 'केसपेपरचा फोटो बाहेर गेला की अडीचशे कोटी दंड', 'सरकारने आपले सगळे आजार कॉम्प्युटरवर चढवले' अशी वाक्यं ऐकू येतात. प्रत्येकात थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. कोकणातल्या माणसाला आणि कोकणातल्या दवाखान्याला या कायद्यांचा अर्थ काय, ते जरा सावकाश बघू.

खिडकीवरचा प्रश्न

गोपनीयता म्हटलं की डोळ्यांसमोर हॅकर येतो. आपल्याकडे माहिती फुटते ती बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या फार अलीकडे.

एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सकाळी दहाच्या सुमारास केसपेपरच्या खिडकीपाशी उभं राहून बघा. आतला कर्मचारी नाव, वय, गाव विचारतो आणि त्याच आवाजात पुढे विचारतो, "काय होता गो तुका?" मागे वीस माणसांची रांग. त्यातली चार तिच्याच वाडीतली, एक तिचा चुलत दीर. बाईला दोन महिने अंगावरून जातंय. ती म्हणते, "पोटात दुखता." कागदावर पोटदुखी लिहिलं जातं, ती भलत्याच खोलीबाहेर जाऊन बसते, आणि तिथे दुसऱ्या पेशंटसमोर पुन्हा तेच विचारलं जातं. ती पुन्हा तेच उत्तर देते आणि गोळ्या घेऊन घरी जाते.

यात कुणी दुष्ट नाही. कर्मचाऱ्यावर कामाचा भार आहे, जागा अपुरी आहे. पण त्या बाईचा उपचार खिडकीवरच चुकला. म्हणून गोपनीयतेला शहरी लोकांचा चोचला म्हणणं मला पटत नाही. ती उपचाराचाच भाग आहे. क्षयाची तपासणी गावाजवळ मोफत होत असताना माणूस एसटीने घाट चढून कोल्हापूरला जातो, कारण तिथे त्याला कुणी ओळखत नाही. सिंधुदुर्गातल्या एखाद्या घरातलं माणूस रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवायला नेलं, तर घरचे 'मुंबईला गेलाय' असं सांगतात, कारण धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं. आणि औषध सुरू करायला लोक उशीर करतात.

छोट्या गावात नाव न सांगताही माणूस ओळखू येतो, ही आणखी एक गोष्ट. 'अमुक वाडीतला, पर्ससीनच्या मासेमारी बोटीवर जाणारा, दोन मुलींचा बाप' एवढं म्हटलं की पुरे. नाव झाकलं म्हणजे माहिती झाकली गेली, हे मुंबईत काही प्रमाणात चालेल, देवगडात नाही.

कायदा नवा, बंधन जुनं

गोपनीयता २०२३ च्या कायद्याने आणली, असं समजू नका. डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम २००२ चे आहेत आणि आजही लागू आहेत. उपचार करताना कळलेलं रुग्णाचं गुपित डॉक्टरने फोडायचं नाही, असं त्यांत स्वच्छ लिहिलं आहे. अपवाद मोजके: न्यायाधीशांचा आदेश असेल, ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल, किंवा आजार सरकारला कळवणं बंधनकारक असेल तेव्हाच. ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय छापता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की पेशंटला मध्ये उभं करून काढलेले फोटो दवाखान्याच्या फेसबुक पानावर येतात, तेव्हा या कलमाची आठवण ठेवायला हवी. डिस्चार्जच्या आनंदात पेशंट कॅमेऱ्याकडे बघून हसला, ही परवानगी नव्हे.

काही आजार आणि काही प्रसंग जास्त नाजूक असतात. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. एचआयव्हीचा कायदा २०१७ चा, लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. मानसिक आरोग्याचा कायदाही २०१७ चाच, मे २०१८ पासून लागू. मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली कलम वाढवलं गेलं: त्या स्त्रीचं नाव आणि तपशील, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही सांगितला तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्याच वर्षी महाराष्ट्राने खासगी नर्सिंग होमच्या नियमांत बदल करून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं. पुढच्या वेळी गेलात की ती भिंतीवर आहे का, बघा.

या सगळ्यांच्या वर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं त्याने ठरवलं आणि २०२३ चा कायदा येण्यामागे तो निकाल मोठं कारण आहे. इंटरनेटवर शोधलं तर 'हिपा' नावाचा १९९६ चा कायदा सगळ्यात आधी दिसतो. तो अमेरिकेचा. आपल्याला लागू नाही.

२०२३ चा कायदा काय सांगतो

या कायद्याच्या भाषेत रुग्ण हा 'डेटा प्रिन्सिपल', म्हणजे ज्याची माहिती आहे तो. दवाखाना हा 'डेटा फिड्युशियरी', म्हणजे विश्वासाने ती माहिती सांभाळणारा. हे शब्द इथेच सोडू आणि रुग्ण, दवाखाना असंच म्हणू.

मुंबईचा चाकरमानी गावच्या घराची किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवून जातो. पावसाआधी कौलं परतून घ्यावीत, गणपतीआधी झाडलोट व्हावी, एवढ्यासाठी. काकांनी त्या किल्लीने स्वतःच्या पाहुण्यांची सोय करायची नसते, ती परस्पर तिसऱ्याच्या हाती द्यायची नसते. घर फोडलं गेलं तर त्याच दिवशी फोन करायचा असतो. मालकाने मागितली की किल्ली परत द्यायची. पण घरातून धूर येताना दिसला, तर फोन लागण्याची वाट न बघता दार उघडायचं.

कायद्याची रचना जवळपास अशीच आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. उपचारासाठी घेतलेला मोबाइल नंबर आरोग्य विम्याच्या एजंटला दिला, तर तो उल्लंघनाचा प्रकार. संमती घेण्याआधी कोणती माहिती, कशासाठी हे साध्या भाषेत सांगायचं. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय रुग्णाला द्यावा लागतो. त्या यादीत मराठी आहे, कोंकणीही आहे. बारीक अक्षरातला इंग्रजी फॉर्म पुढे सरकवून 'इथे सही करा' म्हटलं, तर 'मराठीत द्या' म्हणायचा हक्क हा कायदा देतो. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागेही घेता आली पाहिजे.

आणि धूर दिसतो तेव्हा? मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झालेला बेशुद्ध माणूस आला तर सहीसाठी थांबायचं नाही. जिवाला धोका असलेली तातडीची वैद्यकीय परिस्थिती, रोगाची साथ आणि आपत्ती या तिन्हींत संमतीशिवाय माहिती वापरता येते, असं कायदाच सांगतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हासारख्या प्रसंगात कुठला पेशंट कुठे हलवला, हे कळवायला कुणाची परवानगी घेत बसायची गरज नाही.

एक मोठी मर्यादा लक्षात ठेवा. हा कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. फक्त वहीत लिहिलेलं रजिस्टर त्याच्या कक्षेत येत नाही. त्याचा फोटो काढून कॉम्प्युटरवर किंवा फोनवर घेतला, की येतं. वहीपुरते वर सांगितलेले जुने नियम आहेतच. आणि आरोग्याच्या माहितीला या कायद्यात वेगळा, जास्त कडक दर्जा दिलेला नाही. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. मोबाइल नंबर आणि एचआयव्हीचा रिपोर्ट एकाच पायरीवर ठेवणं मला चूक वाटतं.

'मग मुलाने फोन केला तर सांगायचं नाही?'

कोकणात हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि रास्त आहे. आई-वडील गावाला, मुलं मुंबई-पुण्याला. रात्री वडिलांना दाखल केलं, पहाटे डोंबिवलीहून फोन येतो. नर्सने काय करायचं?

वडील शुद्धीवर असतील तर त्यांना विचारायचं: 'मुलाला सांगू ना?' बहुतेक वेळा उत्तर 'सांगा' हेच असतं, आणि विषय मिटतो. दाखल करताना फॉर्मवर 'माहिती कुणाला द्यायची' ही एक ओळ ठेवून दोन नावं आणि नंबर लिहून घेतले, तर पहाटेची धावपळही वाचते. वडील बेशुद्ध असतील तर जवळच्या माणसांना विश्वासात घेऊनच उपचार चालतात, ते कुठल्याही कायद्याने थांबवलेलं नाही. मानसिक आजारात काळजी घेणाऱ्याला आणि रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला लागणारी माहिती देता येते. नव्या कायद्यात आणखी एक उपयोगी सोय आहे: आपण मरण पावलो किंवा निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिलो नाही, तर आपल्या माहितीचे हक्क कुणी वापरायचे, हे आधीच नेमून ठेवता येतं. गावात एकट्या राहणाऱ्या वयस्कांनी याचा विचार जरूर करावा.

नाही म्हणायचं आहे ते इतरांना. चुलत्याचा मेव्हणा, वाडीतला पुढारी, 'मी त्यांचाच माणूस' म्हणून आलेला गाववाला. आणि हो, सज्ञान मुलगी दवाखान्यात आली असेल आणि तिने नको म्हटलं असेल, तर तिच्या बापालासुद्धा.

नवरा-बायकोतलं गणित अवघड आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका माणसाचा एचआयव्ही अहवाल दवाखान्याकडून बाहेर कळला, त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालयाने म्हटलं, गोपनीयता निरपवाद नाही, जिच्याशी लग्न होणार होतं तिलाही स्वतःच्या आरोग्याचा हक्क आहे. २०१७ च्या कायद्याने याची वाट नीट आखून दिली. आधी रुग्णाचं समुपदेशन करायचं, त्याला स्वतःच सांगायला वेळ द्यायचा. तो सांगणार नाही आणि जोडीदाराला खरोखर धोका आहे अशी खात्री झाली, तर 'मी सांगणार आहे' असं रुग्णाला कळवून डॉक्टर किंवा समुपदेशकाने जोडीदाराला समोर बसवून सांगायचं. जोडीदारालाच, सासूला किंवा दिराला नव्हे.

'साथ आली तर लपवायचं?'

दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडताप दिसतो. गोचिडीतून पसरणारा हा ताप नेमका काजूच्या हंगामात येतो, जेव्हा माणसं दिवस दिवस बागेत असतात. पावसात लावणी सुरू झाली की लेप्टोचा ताप. अशा वेळी लोक म्हणतात, पेशंट कोण ते कळलं पाहिजे, नाहीतर आम्ही सावध कसे होणार?

सावध व्हायला गाव आणि जागा कळावी लागते, माणसाचं नाव नाही. कुठल्या भागात माकडं मेली, कुठल्या बागेत जाताना अंगाला औषध लावायचं, ताप आला तर रक्त कुठे द्यायचं, हे आरोग्य खात्याने जाहीरपणे सांगायलाच हवं. रुग्णाचं नाव आणि पत्ता आरोग्य यंत्रणेकडे जातो, कारण त्यांना घरी जाऊन तपासणी करायची असते. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही सरकारकडे करावी लागते. ती गोपनीयतेचा भंग ठरत नाही. पण तीच यादी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघून ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर आली, तर तो भंगच.

२०२० चा उन्हाळा कोकण विसरलेलं नाही. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना शाळांत ठेवलं जात होतं आणि कोरोनाबाधितांची नावं मोबाइलवर फिरत होती. घरांवर चिकटवलेल्या फलकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली खास निर्देश दिल्याशिवाय असे फलक लावू नयेत. नाव फुटण्याची भीती बसली की माणूस ताप लपवतो. साथीत तो लपलेला ताप जास्त धोक्याचा.

दहा खाटांच्या दवाखान्याने काय करायचं

कणकवलीत किंवा खेडमध्ये नवरा-बायको डॉक्टर मिळून दहा खाटांचा दवाखाना चालवतात. कॉम्प्युटर दोन, पासवर्ड एकच, आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. बिलाचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं. लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. अशा डॉक्टरांना अडीचशे कोटी हा आकडा ऐकून धडकी भरणं साहजिक आहे.

तो आकडा दंडाची वरची मर्यादा आहे, आणि तीही माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी खबरदारीच न घेतल्याबद्दल. दंड ठरवताना चूक किती गंभीर, किती काळ चालली, ती सावरायला काय केलं, हे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने बघायचं आहे. दवाखान्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये सुरू होतील. तयारीला वेळ आहे, पण फुकट घालवण्याइतका नाही.

खर्चाचं काम थोडं आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा पासवर्ड दिला, की कुणी कुठली फाइल कधी उघडली याची नोंद आपोआप राहते. नियमांप्रमाणे अशा नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या आहेत. माहितीची एक प्रत वेगळी, बंद ठेवायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि देशातलं सर्वांत नावाजलेलं सरकारी रुग्णालय कितीतरी दिवस कागद-पेनवर चाललं. माहितीच्या गोपनीयतेइतकाच तो उपचाराचा प्रश्न होता, कारण जुने रिपोर्टच दिसत नव्हते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीशी करारात सुरक्षेचं कलम घालायचं, कारण चूक कंपनीची असली तरी कायद्यापुढे उत्तर दवाखान्यालाच द्यावं लागतं. माहिती फुटली तर रुग्णांना आणि मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर तपशील द्यायचा.

लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर रुग्णाच्या स्वतःच्या नंबरवर पाठवणं गुन्हा नाही, त्याने तो नंबर त्यासाठीच दिलेला असतो. 'पॅथॉलॉजी रिपोर्ट्स' नावाच्या वीस जणांच्या गटावर सगळ्यांचे रिपोर्ट टाकणं मात्र आजच बंद करा. आणि खिडकीवर फक्त नाव, वय, गाव विचारा. तक्रार आत, पडद्यामागे. त्याला एक पडदा लागतो आणि डॉक्टरांनी स्टाफला एकदा नीट समजावणं लागतं. माझ्या मते कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा हा बदल कोकणातल्या रुग्णाला जास्त उपयोगी पडेल.

'गोपनीय आहे, देता येत नाही'

आता उलटी तक्रार. रुग्ण स्वतःच्याच फाइलची प्रत मागतो आणि त्याला ऐकवलं जातं, 'गोपनीय आहे.' हे साफ चूक आहे. गोपनीयता इतरांपासून, तुमच्यापासून नाही. २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले, की ७२ तासांत द्यायचे असतात. दाखल रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असतात. त्यामुळे संमती मागे घेऊन 'माझी फाइल लगेच पुसून टाका' असं म्हणता येत नाही. कायद्याने जपायची मुदत संपेपर्यंत दवाखाना ती ठेवणार.

सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीला, रत्नागिरीहून मुंबईला रुग्ण हलवताना कागद नसतात म्हणून त्याच तपासण्या पुन्हा होतात आणि पैसे पुन्हा जातात. २०२१ पासून देशभर सुरू झालेला 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक त्यासाठी आहे. तो ऐच्छिक आहे. तुमच्या संमतीने एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्या दवाखान्याला दिसते. तो काढला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

तक्रार कुठे

आधी दवाखान्याकडे लेखी तक्रार द्या. नव्या नियमांत तक्रार निकाली काढायला जास्तीत जास्त ९० दिवस दिले आहेत. तिथे काम झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळ. त्याचं कामकाज ऑनलाइन असणार आहे, दिल्लीला जावं लागणार नाही. पण मंडळाने दंड केला तर तो सरकारच्या तिजोरीत जातो, रुग्णाच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाई मागायचं ४३-अ हे कलम होतं, तेही या कायद्याने काढून टाकायचं ठरवलं आहे. ज्याचं लग्न मोडलं, नोकरी गेली, त्याच्या दृष्टीने हा कायद्यातला सगळ्यात मोठा दोष आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

तोवर एक वाट उघडी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पैसे घेऊन उपचार करणाऱ्या दवाखान्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात भरपाई मागता येते. सर्वांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध ही वाट चालत नाही, तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार द्यावी. डॉक्टरने स्वतः गुपित फोडलं असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. या सगळ्या ठिकाणी एकच गोष्ट कामी येते: कुणी, कुठल्या दिवशी, कुणाला सांगितलं हे तारखेनिशी लिहून ठेवलेलं असणं, आणि गटावर आलेला तो फोटो कुणी पुसून टाकायच्या आत त्याचा स्क्रीनशॉट.